अठरावी फ्रेम

रात्र पडद्यासमोर गेली होती. पतंगांच्या नोंदीचं काम असंच चालतं. पांढरी चादर ताणायची, समोर अतिनील दिवा लावायचा आणि जे येऊन बसेल त्याचा फोटो काढायचा. त्या रात्री बहुतेक मंडळी करडी-तपकिरी होती. चारच्या सुमारास फ्लॅशचे सेल संपले, जादाचेही संपले. माझा उत्साह तर त्याच्याही आधी.

उजाडताना आवराआवर सुरू केली. ट्रायपॉडची पिशवी झुडपाला टेकवली होती. ती उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात सहकारी हळूच म्हणाला, "थांब, हलू नकोस. हाताच्या वर बघ."

"पानं आहेत."

"नीट बघ."

मग त्या पानांतल्या एकाला डोळा फुटला.

ओलिएंडर हॉकमॉथ. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी, आणि त्याच्या अळ्या चक्क कण्हेरीची विषारी पानं खाऊन वाढतात. पुस्तकातल्या चित्रांत तो मला नेहमी भडक वाटायचा: शेवाळी हिरवा, मध्ये गुलाबी झाक, पांढरट वळणदार पट्टे, पंखाच्या मुळाशी फिकट डागात गडद ठिपका. इथे त्याच रंगांनी तो गायब झाला होता. हिरवा पानात मिसळलेला, पांढरट पट्टे पानाच्या शिरांसारखे.

आधी दोन पावलांवरून रेकॉर्ड शॉट घेतला. उडून गेला तर निदान नोंद तरी राहील. मग मॅक्रो लेन्स लावून ट्रायपॉड इंच-इंच पुढे सरकवला. इतक्या जवळून डोळा स्पष्ट आला की पंखाचं टोक धूसर होतं. म्हणून फोकस थोडा-थोडा मागे नेत पंचवीस फ्रेम घ्यायच्या आणि नंतर जोडायच्या असं ठरवलं. फ्लॅश नव्हता, शटर अर्धा सेकंद. पण सेल संपले तेच बरं झालं म्हणायचं. फ्लॅशखाली पंखांवरचे खवले नको तिथे चमकतात. पहाटेच्या मऊ उजेडात ते मखमलीसारखे दिसत होते आणि खांद्यावरची लव वेगवेगळी मोजता आली असती. वारा पडलेला. मी श्वास धरून रिमोट दाबत होते.

(काही जण पतंगाला फ्रीजमध्ये गार करून फोटो काढतात. मला ते पटत नाही. थिजलेल्या जिवाची बसण्याची ढबच बदलते.)

अठराव्या फ्रेमला पंखांच्या कडा पुसट आल्या. आधी वाटलं, ट्रायपॉड हलला. मान वर करून पाहिलं तर पतंगच थरथरत होता. उडण्याआधी हे हॉकमॉथ पंख थरथरवून छातीतले स्नायू तापवतात. गार स्नायूंवर एवढं जड अंग उचलत नाही. थरथर वाढत गेली, अगदी बारीक गुणगुण ऐकू आली आणि पान रिकामं झालं.

सतरा फ्रेम जोडल्या. डोळे, मिशा, छाती लख्ख; पंखांची टोकं मऊच राहिली. अहवालात तोच फोटो गेला. मला मात्र दोन पावलांवरून घेतलेला तो पहिला आवडतो. कुणाला दाखवला की "शोधा" म्हणते. परवा सहकाऱ्यालाच दाखवला. त्याने दोनदा भलत्याच पानावर बोट ठेवलं.