घाटाचा गिअर

सोमवार

जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, टाचा हवेत. कठडा धरून दोन्ही पायांवर वर व्हायचं, मग एक पाय उचलून दुसऱ्याची टाच सावकाश खाली सोडायची, अगदी पायरीच्याही खाली. पोटरी चांगली ताणून येते. दहा-पंधरा वेळा झालं की पाय बदलायचा. सकाळी चूळ भरून झाली की माझं हे सुरू होतं. आज शेजारचे अण्णा पेपर घ्यायला दारात आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काय ओ ड्रायव्हर, वर जायचंय का खाली, एकदा काय ते ठरवा की."

टाचेचं दुखणं हिवाळ्यात सुरू झालं. पहाटे अंथरुणातून उठून पहिली पावलं टाकली की अशी कळ यायची, भिंतच धरावी लागायची. मोरीपर्यंत जाईस्तोवर ती कमी व्हायची, त्यामुळं घरात कुणाला खरं वाटेना. हिचं म्हणणं सोपं होतं, पळणं बंद करा, दुखणं बंद होईल. डॉक्टरीणबाईंनी मात्र बंद नाही, कमी करायला सांगितलं, आणि कारणही नीट समजावलं. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो पायाची कमान धरून ठेवतो. माणूस पळायला लागला की हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात, दोन-तीन महिन्यांत दम वाढल्याचं कळतं. हे पट्टे आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, मात्र मागं राहतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्यांची बांधणी हळू, आणि साठीनंतर आणखी हळू. "दम आहे म्हणून अंतर वाढवू नका, आधी पायांना विचारा," असं म्हणाल्या.

म्हणजे पंचविशीतल्या पोरानं जे सहा आठवड्यांत करावं, ते मी सहा महिन्यांत केलं तरी चालतंय. रिटायर माणसाला घाई कशाची?

बुधवार

रात्रभर पाऊस. पहाटे उठून खिडकी उघडली तर समोरचा साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला गायब, नुसता ढग. रेनकोट घालून शाहू क्रीडा संकुलात गेलो. ट्रॅकवर पाणी साचलेलं, दोन पोलीस भरतीची पोरं आणि मी. तीन फेऱ्यांत ती पोरं मला दोनदा मागं टाकून गेली. दुसऱ्यांदा जाताना एकजण म्हणाला, "काका, सुट्टी घ्यायची की आज."

लोकांना वाटतं मला फार उत्साह आहे. सुनेच्या माहेरची माणसं आली होती, त्यांनीही तेच विचारलं, एवढा उत्साह आणता कुठनं? आता काय सांगायचं. एसटीच्या स्टेअरिंगवर उभं आयुष्य गेलं. पहाटेची पहिली गाडी असली की ड्रायव्हरला आज मन आहे का, असं कुणी विचारत नाही. ड्युटी लागलेली असते, तुम्ही जाता. थंडी असो, घरात पाहुणे असोत, पोराची परीक्षा असो. तीच सवय मी पळण्याला लावली. रविवारी रात्री कॅलेंडरवर पुढच्या आठवड्याची ड्युटी लिहून ठेवतो. सोमवार आणि शुक्रवार साप्ताहिक सुट्टी, बुधवारी ट्रॅक, रविवारी घाट, बाकीच्या दिवशी गोडोलीच्या बाजूला जमेल तसं, कधी नुसतं चालणं. सकाळी उठून पळायचं का नाही हा विचारच करायचा नाही, तो रविवारीच झालेला असतो. पहाटे पाच वाजता माणूस स्वतःशी जे वाद घालतो त्यात तो नेहमी हरतो, हे मला स्टेअरिंगवर असल्यापासून माहीत आहे.

एक नियम मात्र पक्का आहे. सलग दोन दिवसांच्या वर खाडा नाही. त्याला कारण साखर.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा नीट तपासणी केली. तोवर जेवण भलत्या वेळी, झोप डेपोतल्या बाकावर नाहीतर मुक्कामाच्या गावच्या देवळात, दिवसाला चहा किती व्हायचे ते विचारू नका. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती तपासणी असते, तिच्यात ६.३ आकडा आला. ६.५ पासून पुढं मधुमेह धरतात. मी अगदी काठावर उभा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला. मी चालायला लागलो, आणि चालता चालता एक दिवस वाटलं, थोडं पळून बघू. आधी त्यांनी पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी करायला लावली, टीएमटी म्हणतात ती. साठीच्या आसपास पळायचा विचार करणाऱ्यानं ती आधी करून घ्यावी, बूट नंतर घेतले तरी चालतील. तपासणी बरी आली. मग ट्रॅकची एक लांब बाजू पळायचो आणि उरलेली फेरी चालायचो.

साखरेचं गणित असं की स्नायू काम करायला लागला की तो रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्यासाठी इन्सुलिनवर फार अवलंबून राहत नाही. पळणं थांबल्यावरही हा परिणाम एखादा दिवस, फार तर दोन दिवस टिकतो. मग ओसरतो. म्हणून महिन्यातून एकदा दहा किलोमीटर मारून फोटो काढण्यापेक्षा एक दिवसाआड तीन किलोमीटर बरे. मागच्या तपासणीत आकडा ५.८ आला. हिनं देवापुढं कंदी पेढा ठेवला आणि मला अर्धाच दिला.

शनिवार

भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर परत फौजा सिंग यांचा फोटो पाठवलाय. पिवळा फेटा, पांढरी दाढी, खाली लिहिलंय "मामा, तुम्हीच पुढचे". त्याला वाटतं यानं मला हुरूप येतो. ८९व्या वर्षी, २००० साली त्यांनी लंडनची मॅरेथॉन पळून पूर्ण केली. शंभरीत, २०११ मध्ये, टोरांटोची ४२ किलोमीटर पुरी केली, पण जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनेसवाल्यांनी नोंद घेतली नाही. माणूस थोरच. पण मला त्यांचं दुसरंच काहीतरी आठवत राहतं. २०२५ च्या जुलैत, ११४ व्या वर्षी, पंजाबात त्यांच्या गावाजवळच्या रस्त्यावर गाडीनं धडक दिली आणि ते गेले.

ज्यानं हयातभर मोठी गाडी चालवली त्याला अशी बातमी वेगळी लागते. पावसाळ्यात धुक्यात, पहाटे, करड्या रंगाचा रेनकोट घालून रस्त्याच्या डावीकडनं पाठमोरं चालणारं माणूस ड्रायव्हरला किती उशिरा दिसतं, हे मी काचेच्या आतनं पाहिलंय. म्हणून मी उजव्या बाजूनं पळतो, समोरनं येणारी गाडी मला दिसली पाहिजे. अंगात रस्त्यावर काम करणाऱ्या कामगारांचं असतं तसं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट. घाटात उजवीकडं वळणारं आंधळं वळण आलं की आधीच बाहेरच्या बाजूला जातो, कारण आतल्या बाजूनं डोंगराला चिकटून येणाऱ्याला मी दिसणारच नसतो. वळण संपलं की परत उजवीकडं. कानात ती बोंडं घालून घाटात पळणारी पोरं बघितली की मात्र माझा संताप होतो. हॉर्न ऐकू येत नसेल तर तुमचं गाणं काय कामाचं? एकाला तसं बोललो तर म्हणाला, "काका, आवाज कमी ठेवलाय." कमी!

शनिवार-रविवारी कासच्या फुलांच्या पठाराला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आलं, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत तर विचारायलाच नको. उद्या सात वाजायच्या आत घाट उतरून खाली आलं पाहिजे.

रविवार

आज बरोबर माझा जुना कंडक्टर होता. यंदाच रिटायर झाला. बामणोलीची गाडी आम्ही दोघांनी किती वर्षं केली, त्यामुळं यवतेश्वरचा घाट दोघांच्याही अंगात मुरलेला. त्यानं मला फोन केला होता, "ड्रायव्हर साहेब, मलाबी न्या की एकदा." गेले काही महिने तो रोज तासभर चालतोय, तपासण्या झाल्यात, म्हणून म्हटलं चल.

समर्थ मंदिराच्या पुढं चढ लागतो. इथंच सगळ्यांचं बिघडतं. खालनं येताना पाय गरम झालेले असतात, अंगात जोर असतो, आणि माणूस चढाला त्याच वेगात भिडतो. दोन वळणांत तोंड उघडं पडतं. गाडीचंही तसंच असतं. सपाटीवरच्या गिअरमध्ये घाट चढायला गेलं की गाडी थरथरते, मग भर चढावर गिअर पाडायला लागतो. चढ लागायच्या आधीच खालचा गिअर टाकला की गाडी आवाज करत, पण न थांबता वर जाते. मी चढाच्या अलीकडंच पावलं लहान करतो. इतकी लहान की बघणाऱ्याला वाटावं हा चालतोय. नजर दहा-पंधरा पावलांवर, पुढच्या वळणावर नाही. आणि एक कसोटी, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत दम तुटला की चालायचं.

कंडक्टरला हे समजावून सांगायला जास्त वेळ लागला नाही. घड्याळ त्याच्या हातात होतं. दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं ठरलं. दोन मिनिटं झाली की तो तोंडानं म्हणायचा, "टिंग!" आम्ही चालायला लागायचो. मिनिट झालं की, "टिंग टिंग!" सिंगल बेलला थांबायचं, डबलला निघायचं, यात नवं शिकायचं ते काय. मागनं येणारी पोरापोरींची एक टोळी थांबून हसायला लागली. हिल मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की घाटात पहाटेपासून अशी वर्दळ असते. २०१२ पासून ही हाफ मॅरेथॉन होते, शहरातनं निघून हा घाट चढायचा आणि त्याच वाटेनं खाली यायचं, २१ किलोमीटर. २०१५ साली डोंगरातल्या शर्यतीत एका वेळी सगळ्यात जास्त लोक पळाले म्हणून गिनेसमध्ये नाव लागलं, २,६१८ जण होते. त्या वर्षी मी पळणाऱ्यांतला नव्हतो, रस्ता बंद म्हणून गाडी घेऊन अडकलेल्यांतला होतो, आणि काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चालण्याच्या मिनिटात कंडक्टर बोलत होता. तो माण तालुक्यातला. "रिओच्या फायनलला आमच्या मोहीची पोरगी होती, ड्रायव्हर साहेब," हे तो मला बसमध्येही कितीदा सांगायचा. ललिता बाबर. २०१६ चं ऑलिंपिक, ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची शर्यत, दहावी आली. १९८४ च्या ऑलिंपिकला पी. टी. उषा ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या फायनलमध्ये होती, त्यानंतर बत्तीस वर्षांनी भारताची दुसरी बाई तिथवर पोचली, आणि ती दुष्काळी माणमधली. हे सांगताना त्याची छाती फुगते, आणि आज तर दम लागल्यामुळं आधीच फुगलेली. मी म्हटलं, बेल दे, मिनिट होऊन गेलं.

वर पोचलो तेव्हा खाली सातारा अर्धा दिसत होता, अर्धा ढगात. कंडक्टरनं दोन्ही हात कमरेवर ठेवून एकदा खाली बघितलं आणि म्हणाला, "झालं की. आता उतार आहे, सोडा गाडी."

इथं मी त्याला अडवलं. चढण दमवते, पण पाय मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावण्याचं काम करतो, आणि असं काम त्याला फार जड जातं. तेव्हा काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. आमच्या धंद्यात नव्या ड्रायव्हरला पहिल्यांदा जे शिकवतात तेच मी त्याला म्हटलं, आणि त्यानं माझं वाक्य अर्ध्यावर उचललं, "ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. माहीत आहे ओ, तुमच्या मागं उभं राहून आयुष्य गेलं."

माहीत असून पठ्ठ्या दोन वळणं सुटलाच. मी आपला लहान पावलांनी, गुडघे किंचित वाकवून, टाच न आपटता मागनं येत राहिलो. पुढच्या वळणावर कठड्याला टेकून उभा होता, मांड्या चोळत. मला बघून म्हणाला, "टिंग."

खाली आल्यावर त्यानं पोह्यांची दोन प्लेट मागवली. मी एक खाल्ली, वर दोन उकडलेली अंडी. या वयात स्नायू आपोआप वाढत नाहीत, झिजतातच, त्यांना पळणं आणि खाणं दोन्ही लागतं. पुढच्या रविवारी परत येतो म्हणाला. मी म्हटलं, रविवारचं नंतर बघू, मंगळवारी जिना उतरून दाखव आणि मग मला फोन कर.

रात्री कॅलेंडर भरलं. बुधवारच्या चौकटीत आता दोन नावं आहेत, वेळ सव्वापाच, क्रीडा संकुलाचं गेट. पाऊस असला तरी.