फोडणीआधीचा वाटा

मराठी स्वयंपाकघराला अळणी शिजवणं जमतच नाही. कुकरमध्ये नुसता भात आणि चिकन लावलं तरी हात मिठाच्या बरणीकडे जातो. हळद-हिंग पडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कुत्र्याचं जेवण घरी करायचं तर आधी हा हात आवरायला हवा.

10 किलोच्या धडधाकट, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 200 ग्रॅम बिनहाडाचं चिकन (कच्चं असताना मोजलेलं), 150 ग्रॅम गुरगुट्या भात, लाल भोपळ्याच्या तीन-चार फोडी, वरून एक छोटा चमचा तेल. दोन वेळांत विभागून. नवं जेवण एकदम सुरू केलं की जुलाब ठरलेले. आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत जावं.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच घोळ होतो. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. त्यावर उपाय आपण रोज कचऱ्यात टाकतो: अंड्याचं टरफल. उकळून, खडखडीत वाळवून मिक्सरमधून काढायचं. चिमटीत चोळल्यावर कचकच लागली तर पुन्हा फिरवायचं. दिवसाच्या जेवणाला अर्धा छोटा चमचा पुरे. जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व मात्र या पातेल्यातून पुरेसं मिळत नाही. त्यासाठीची पूड पशुवैद्याने वजन बघून द्यावी. वाढत्या पिल्लाला हे माप लावूच नये.

दूध-पोळीबद्दल काय बोलावं? पोट भरतं, एवढंच.

खरी भानगड उरल्यासुरल्याची. रश्शातला कांदा-लसूण वेचून काढला तरी त्यांचा अंश रश्शात उतरलेला असतो. शिजवल्याने तो जात नाही आणि कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. शिजलेली हाडं तडकून टोकदार होतात. म्हणून त्याचा वाटा फोडणीआधीच काढावा. आमटीचं वरणही चिंच पडण्याआधी. द्राक्षं-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक; त्यामागे ज्या टार्टारिक आम्लाचा संशय आहे, ते चिंचेतही असतं.

आणि प्रसादाचा शिरा. ‘एवढ्याशाने काय होतंय,’ म्हणत बेदाण्यासकट घास पुढे केला जातो. किती बेदाणे चालतात, याचं खात्रीचं माप कुणाकडेच नाही. खाल्ले असतील तर उलटीची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. मूत्रपिंड बिघडल्याचं दिसायला दिवस-दोन दिवस जातात, आणि तोवर उशीर झालेला असू शकतो.