नेरूळला, पेनड्राइव्ह घेऊन

गुलमर्गचे स्कीइंगचे दहा दिवस एका ओळीत सांगते: थंडी, मॅगी, गोंडोलाची रांग आणि गुडघ्याएवढ्या किकरवरून, म्हणजे उडीसाठी रचलेल्या बर्फाच्या उंचवट्यावरून, अर्धी गिरकी घेऊन पाठमोरं उतरायची माझी धडपड. ही पोस्ट मात्र त्यानंतरच्या शनिवारची, ठाणे ते नेरूळची.

गुलमर्गच्या एका व्हिडिओवाल्याला मी साडेचार हजार मोजले होते. हातात आली चाळीस सेकंदांची फिल्म. ड्रोन, स्लो मोशन, वर चढवलेलं संगीत. मी हवेत असतानाच दृश्य तुटतं आणि डोंगर दिसतो. मी उतरले की पडले, कळतच नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या गटातल्या नेरूळच्या काकांचा गुडघा दुसऱ्याच दिवशी मुरगळला होता. मग ते उताराच्या पायथ्याशी खुर्ची टाकून रोज सगळ्यांचं शूटिंग करत बसायचे. व्हॉट्सॲपवर पाठवलं की चित्र खराब होतं, स्की नेमकी कधी वळली ते दिसत नाही. म्हणून काका म्हणाले, "पेनड्राइव्ह घेऊन घरीच ये, जेवायला."

पनवेल गाडीत खिडकी मिळाली. बाकी प्रवासाचं काही आठवत नाही.

काकूंनी वालाचं बिरडं केलं होतं. ताटं हातात घेऊनच टीव्हीसमोर बसलो. पहिल्या क्लिपमध्ये मी पडते, दुसऱ्यात पडते, तिसऱ्यात वाईट पडते. काकांचा नातू इनलाइन स्केटिंग करतो. त्याने क्लिप थांबवत, मागे नेत तीनदा पाहिली. "मावशी, किकरचं टोक यायच्या आधीच तुम्ही खांदा फिरवताय. म्हणून स्की तिथेच आडवी होते." दहा दिवसांत मला न उमगलेली गोष्ट! चौथ्या क्लिपमध्ये खांदा टोकापर्यंत थांबलाय, आणि गिरकी पूर्ण झालीय.

मग मीही त्याला सांगत सुटले. दोन्ही टोकं वर वळलेली स्की, जिच्यामुळे पाठमोरं उतरता येतं, ती लोकप्रिय केली कॅनडाच्या स्कीअर माइक डग्लस आणि त्याच्या सोबत्यांनी. मोगल्सच्या, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरायच्या स्पर्धेच्या, नियमांना ही मंडळी कंटाळली होती. आपल्या उड्यांचा व्हिडिओ आणि प्रस्ताव घेऊन ते कंपन्यांकडे गेले. नकारांनंतर सॉलोमनने तो उचलला आणि १९९८मध्ये टेनएटी नावाची ती स्की बाजारात आली. स्कीअर टॉम वॉलिश तर अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा, मोठ्या पर्वतांपासून लांब वाढलेला. लेव्हल वन या स्की-फिल्म कंपनीच्या सुपरअननोन या हौशी व्हिडिओंच्या स्पर्धेत २००७ साली तो जिंकला आणि जगाला माहीत झाला. २०१२मध्ये एक्स गेम्स या मोठ्या स्पर्धेत स्लोपस्टाइलचं, म्हणजे उड्या आणि अडथळ्यांवरच्या कसरतींचं, सुवर्णपदक! पोरांनी पोरांसाठी काढलेल्या अशा व्हिडिओंवरच हा खेळ वाढला. पडणंही कापू नये, कारण पुढचा त्यातूनच शिकतो.

पण मला हलवलं ते चौथ्या क्लिपच्या शेवटाने. मी उतरते आणि चित्र एकदम भरकटतं: बर्फ, काकांचे बूट, आभाळ, खुर्चीचा पाय. आणि त्यांचा धापा टाकणारा आवाज, "जमलं गं! जमलं!" दुखरा गुडघा घेऊन हा माणूस खुर्चीतून उठला होता. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

काका ओशाळले. "तेवढा हललेला भाग कापून टाक हं."

मी तो कापलेला नाही.