मंडळी सोडल्यावर सांतियागोच्या वाटेनं

फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट-जाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागोच्या कॅथेड्रलपर्यंतची वाट साधारण ७८० किलोमीटरची. रोज २२ ते २५ किलोमीटर चाललं की ३२ ते ३५ दिवस लागतात. आम्ही दोघं ती चाललो ते लहानपणापासूनची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडल्यावर. प्रश्न एकच होता: माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कशानं होतं, आणि ते खरं कोण सांगतं?

हा प्रश्न घेऊन नेमकं याच वाटेवर यावं, यात थोडी गंमत आहे. मध्ययुगात इथं लोक प्रेषित याकोबाच्या कबरीच्या दर्शनाला येत आणि दंडमाफीही मिळवत. प्रोटेस्टंट चळवळीची सुरुवात करणाऱ्या लूथरनं १५१७मध्ये ज्या दंडमाफीच्या बाजाराविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, ती दंडमाफी इथं आजही मिळते. याकोबाचा सण, २५ जुलै, रविवारी आला की ते इथलं पवित्र वर्ष, यापुढचं २०२७चं. मात्र कॅथलिक शिकवणीतही दंडमाफी म्हणजे तारण नव्हे. क्षमा होऊन गेलेल्या पापाची जी तात्पुरती शिक्षा उरते, तेवढी ती माफ करते. त्यासाठीही पापांगीकार (फादरसमोर पापांची कबुली), प्रभुभोजन (उपासनेतली पवित्र भाकर घेणं) आणि प्रार्थना लागतेच. हे माहीत नसताना चालणारा माणूस महिनाभर भलत्याच शिकवणीशी भांडत राहतो.

सामानाचं आधी. पाठपिशवी शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवायची. बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्यायचे, कारण पाय सुजतात. टाचेला चटका जाणवला की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणणाऱ्याला फोड येतोच. पुस्तक एकच, बायबलमधला नवा करार. त्याचे अध्याय २६०, म्हणजे रोज ८ वाचले तर ३३ दिवसांत संपतो. आधी मार्क, मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये, त्यानंतर पत्रं. दुपारी मुक्कामी पोचून अंघोळ आणि कपडे धुणं उरकलं की वाचायचं. यात्रेकरूंच्या मुक्कामात रात्री दहाला दिवे बंद करतात आणि तोवर डोळे मिटलेले असतात.

सोबत एक वही घ्यावी. डाव्या पानावर जुन्या मंडळीतल्या माणसांनी काय केलं ते लिहायचं: अपमान, पैशांचे घोळ, पाळकांची (मंडळीच्या धर्मगुरूंची) मनमानी. उजव्या पानावर फक्त शिकवण: काय सांगितलं आणि शास्त्रातल्या कुठल्या वचनावरून. मग उजवीकडच्या प्रत्येक ओळीला विचारायचं, ही सगळी माणसं सज्जन असती तर ही शिकवण मला पटली असती का? बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्राशी रोज ताडून पाहिलं (कृत्ये १७:११), तेव्हा पाळकांचं तपासायला हरकत नसावी. बहुतेकांचं डावं पान पहिल्या आठवड्यात भरतं आणि उजवं जवळजवळ कोरं राहतं. याचा अर्थ जखम खरी आहे, पण सत्याचा शोध अजून सुरू व्हायचा आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस जी मंडळी जुनीसारखी दिसत नाही तिलाच खरी समजतो. आमच्या मते मंडळी सोडणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं.

पहिला दिवस सर्वांत अवघड. रोन्सेस्वायेसपर्यंत सुमारे २५ किलोमीटर, आणि साधारण १७० मीटरवरून १,४०० मीटरच्या वर चढायचं. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च वरचा रस्ता बंद असतो, तेव्हा खालून वाल्कार्लोसमार्गे जायचं. पहिल्याच आठवड्यात जोरात चालणाऱ्यांच्या नडगीचे स्नायू धरतात आणि बुर्गोस शहराच्या आत यात्रा संपते. रोन्सेस्वायेसला संध्याकाळच्या मिस्सेनंतर (कॅथलिक उपासनेनंतर) यात्रेकरूंना आशीर्वाद दिला जातो. तो कोणालाही घेता येतो, मंडळी विचारत नाहीत. प्रभुभोजनाचं तसं नाही. कॅथलिक नसलेल्यानं रांगेत जायचंच असेल तर हात छातीवर आडवे ठेवावेत, म्हणजे फादर सहसा फक्त आशीर्वाद देतात. कॅथलिक घरात बाप्तिस्मा होऊन दुरावलेल्यानं आधी पापांगीकार करावा. नियम आवडो न आवडो, दुसऱ्याच्या मेजावर त्याचा मान राखावा.

बुर्गोस ते लेओन हे मेसेताचं पठार, सुमारे १८० किलोमीटर, सपाट आणि बिनसावलीचं. कारियोन दे लोस कोंदेसच्या पुढे तर जवळपास १७ किलोमीटर गावच नाही. उन्हाळ्यात दोन लिटर पाणी घेऊन उजाडायच्या आत निघायचं. इथं मन उघडं पडतं, म्हणून पौलाचं रोमकरांस पत्र इथंच वाचावं. त्याला मात्र रोज आठचा हिशोब लावू नये. तिसऱ्या ते आठव्या अध्यायाला आठवडा गेला तरी चालेल. लागलीच गलतीकरांस आणि इफिसकरांस, मग याकोबाचं पत्र. ‘कृपेने विश्वासाच्या द्वारे’ (इफिस २:८) आणि क्रियांशिवाय विश्वास निर्जीव (याकोब २:१७) ही दोन वचनं एकमेकांवर फेकून भांडणारे पुष्कळ भेटतात. इफिसचं दहावं वचनही वाचलं की अर्धं भांडण मिटतं: सत्कृत्यं तारणाचं मोल नाहीत, पण तारणाचा हेतू त्यांत आहेच. जाता जाता, कबर ज्याची मानतात तो जब्दीचा मुलगा याकोब. पत्र मात्र परंपरेनं प्रभूच्या भावाचं.

जुन्या मंडळीत ऐकलेलं दुसऱ्या पक्षाचं वर्णनही तपासावं. ‘कॅथलिक कर्मांनी तारण विकत घेतात’ असं शिकवलं गेलं असेल, तर कॅथलिक चर्चच्याच ट्रेंट परिषदेचा १५४७चा ठराव पाहावा. नीतिमान ठरवणारी कृपा आधीच्या विश्वासानं किंवा कृत्यांनी कमावता येत नाही, असं त्यातच आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर एकत्रित जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मतभेद संपले नाहीत: पुण्याचा हिशोब, शुद्धिस्थान (मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था), पोपचा अधिकार बाकी आहेत. पण भांडण नेमकं कशावर, हे तरी कळतं.

लेओन ओलांडल्यावर डोंगरात क्रूझ दे फेर्रो लागतो, सुमारे १,५०० मीटरवर लाकडी खांबावरचा लोखंडी क्रूस. लोक घरून आणलेला दगड इथं ठेवतात. ठेवायला हरकत नाही, पण त्यानं पाप गेलं असं शास्त्र सांगत नाही. त्याहून मोलाची जागा म्हणजे व्हिलाफ्रांका देल बिएर्सोचं संत याकोबाचं देऊळ आणि त्याचं क्षमेचं दार. आजारी यात्रेकरू या दारापर्यंत पोचला तर त्याला सांतियागोइतकीच दंडमाफी मिळे, पुढचे १८०हून जास्त किलोमीटर न चालता. चालण्याचं माप मोजणाऱ्या व्यवस्थेनंच इथं माप बाजूला ठेवलं होतं.

सार्रियापासून गर्दी सुरू होते, कारण प्रमाणपत्रासाठी १०० किलोमीटर चालणं पुरतं. शेवटच्या टप्प्यात यात्रेकरूच्या पासबुकावर दिवसाला दोन शिक्के घ्यायचे असतात. गर्दीत तेच विसरतात. सांतियागोच्या कार्यालयात हेतू विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक असेल तर लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं, नसेल तर वेगळं. खरं तेच लिहावं.

निर्णय मात्र तिथं घेऊ नये. दमलेलं शरीर आणि कॅथेड्रलचा ऑर्गन मिळून कुठल्याही शिकवणीला खरं ठरवतात. घरी परतून एकेका मंडळीत किमान चार रविवार बसावं आणि पाळकांना नेमकं विचारावं: निकेयाचा विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचं प्राचीन सूत्र) मानता का? माझा आधीचा बाप्तिस्मा मान्य कराल की पुन्हा द्याल? मंडळीचे हिशोब कोण तपासतं, आणि तुम्ही चुकलात तर तुम्हाला कोण विचारतं? शेवटच्या प्रश्नावर जो रागावतो, त्याच्याकडे पाचवा रविवार नको. बाप्तिस्म्याचा दाखला जुन्या मंडळीतून आधीच काढून ठेवावा. त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावानं पाण्यानं झालेला बाप्तिस्मा बहुतेक ऐतिहासिक मंडळ्या पुन्हा देत नाहीत, बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल बालपणीचा सहसा धरत नाहीत.