तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरातला अरेका पाम

उन्हाळ्यात आमच्याकडे येणारा जवळपास प्रत्येक पाहुणा ओसरीच्या कोपऱ्यातला अरेका पाम पाहतो आणि विचारतो, "सोलापूरच्या उन्हात हे झाड जगतं कसं? आमचं तर दोन महिन्यांत वाळून गेलं." दारात उभ्याउभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझ्या अनुभवात आपल्याकडे हा पाम उन्हाच्या आधी पाण्यातल्या क्षारांनी मरतो, आणि पुढे जे काही लिहिले आहे ते बहुतेक या एका गोष्टीभोवतीचेच आहे.

हा पाम मूळचा मादागास्करच्या पूर्व भागातला. 'अरेका' हे खरे तर सुपारीच्या झाडाच्या प्रजातीचे (इंग्रजीत 'जीनस') नाव; आपल्या कुंडीतले झाड त्या प्रजातीतले नाही, दिसायला जवळचे म्हणून ते नाव त्याला चिकटले. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरचे तोआमासिना बंदर विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर आहे आणि सोलापूर उत्तरेला जवळजवळ तितक्याच अंतरावर, त्यामुळे उष्णता या झाडाला परकी नाही. फरक आहे तो पावसाचा. तिकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर आपल्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात ६०० मिलिमीटरच्या आसपास. ओलसर हवेत आणि पावसाच्या मऊ पाण्यावर वाढलेल्या वंशाला आपण एप्रिलच्या कोरड्या झळांत उभे करतो आणि वर बोअरचे जड, क्षारांचे पाणी घालतो.

माझा पहिला पाम मी असाच घालवला. शेतातली काळी माती म्हणजे उत्तम माती, या समजुतीने कुंडी तिनेच भरली आणि रोज सकाळी बोअरचे तांब्याभर पाणी घातले. महिन्याभरात पात्यांची टोके तपकिरी झाली. झाडाला तहान लागली असावी असे वाटून पाणी दुप्पट केले, तशा झावळ्या एकेक करून करपत गेल्या. शेवटी कुंडी उपडी केली तेव्हा मुळे काळी पडून बोटाला लगदा लागत होता आणि कुंडीच्या काठावर पांढरा, खरबरीत थर बसला होता. नखाने खरवडला तर चुन्यासारखी पूड पडली. गीझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवायच्या पातेल्यात बसतो, तोच हा थर. जमिनीतल्या झाडाचे क्षार मोठ्या पावसात खोल वाहून जातात. कुंडीतल्या झाडाला ती वाट नसते. पाणी पानांतून उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचा त्रास सर्वांत आधी पात्याच्या टोकाला दिसतो.

म्हणून पाण्याविषयी मी फार काटेकोर आहे. जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या पन्हळीखाली दोन पिंपे लावून पावसाचे पाणी साठवते आणि डास होऊ नयेत म्हणून त्यांच्या तोंडाला कापड बांधते. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी बादलीत धरते. ते हवेतली वाफ गार होऊन झालेले असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतातच. हे दोन्ही संपले तर नळाचे पाणी वापरते, बोअरचे मात्र नाही. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण ते कुंड्यांना घालतात. फरशी पुसायला ते चांगले, पामला नको, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही तसेच, दिवसेंदिवस आटत दाट होत गेलेले. शिवाय पावसाळ्यात महिन्यातून एकदा कुंडीत पावसाचे भरपूर पाणी हळूहळू ओतून ते खालच्या भोकातून वाहू देते, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात.

पाणी किती घालावे, हे बोट सांगते. दोन पेरे खोल बोट घातल्यावर माती कोरडी लागली तरच घालावे. माझ्या १४ इंची कुंडीला मे महिन्यात आठवड्यातून तीनदा साधारण तीन लिटर पुरते, हिवाळ्यात एकदाच. चार-चार दिवस नळाची वाट पाहणाऱ्या गावात हे झाड लावावे का, असेही मला विचारले गेले आहे, आणि तो प्रश्न मला रास्त वाटतो. साठवलेले पाणी नसते तर मी हा पाम ठेवला नसता.

मातीत काळी माती अजिबात घालू नये. ती ओली झाली की फुगते, हवा कोंडते, आणि वाळली की भेगा पाडून बारीक मुळे तोडते. मी तांबडी माती, जाड वाळू, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात घेते. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्यावे, कारण त्यातही मीठ असते.

जागा पूर्वेची. सकाळचे कोवळे ऊन दहापर्यंत मिळाले की पुरे. आमच्या ओसरीच्या पश्चिमेच्या जाळीला मार्च ते जून एक जुनी सोलापुरी चादर टांगलेली असते आणि दुपारी कपडे धुतलेले शेवटचे, साबण निघून गेलेले पाणी मी तिच्यावर शिंपडते. झळ त्या चादरीतून गार होऊन आत येते. ती जाड सुती वीण पाणी जितका वेळ धरून ठेवते, तितका दुसऱ्या कुठल्याही कापडाने धरलेला मी पाहिलेला नाही.

पिवळेपणाची धास्ती सगळ्यांनाच वाटते. देठ पिवळे असतील तर काळजी नको. शास्त्रीय नावातल्या 'ल्युटेसेन्स'चा अर्थच पिवळसर होणारा असा आहे. सर्वांत खालच्या जुन्या झावळ्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके दिसले तर बहुधा पालाश (पोटॅशियम) कमी पडला आहे. अशी झावळी लगेच कापू नये, कारण झाड तिच्यातला पालाश काढून नव्या पानाला पुरवत असते. ती पूर्ण वाळू द्यावी. आपल्याकडे डाळिंब-द्राक्षांसाठी कृषी सेवा केंद्रात सल्फेट ऑफ पोटॅश सहज मिळते. ते लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, महिन्यातून एकदा आणि फक्त पावसाळ्यात, इतकेच मी देते. करपलेली टोके कात्रीने कापायची असतील तर तपकिरी रंगाची बारीक कड ठेवून कापावीत. हिरव्यात कात्री लागली की तिथून पुन्हा करपते. आणि कोणत्याही खोडाचा शेंडा छाटू नये. प्रत्येक खोडाला एकच कोंब असतो, तो गेला की ते खोड संपले.

एप्रिलमध्ये पांढरा कागद धरून त्यावर पाते झटकावे. धुळीसारखे कण चालू लागले तर लाल कोळी आहे; पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने तीन-चार दिवसांआड पुसली की तो आटोक्यात येतो.

हवा शुद्ध होते म्हणून हे झाड हवे असेल तर मी ते सुचवणार नाही. ती ख्याती बंद कक्षांतल्या प्रयोगांवरून पसरली आहे. राहत्या घरात खिडकी उघडली की त्याहून कितीतरी अधिक काम होते. मला ते हवे असते ते नव्या झावळीसाठी. भाल्यासारखी मिटलेली, पोपटी रंगाची ती काडी कित्येक दिवस तशीच उभी राहते, मग एका सकाळी पाती टोकाकडून सुटू लागतात आणि प्रत्येक पात्यावर घडीची रेघ उमटलेली असते.

रोप मागणाऱ्यांनाही इथेच सांगते. बुंध्यातून फुटलेले फुटवे वेगळे करता येतात, पण मुळे दुखावली की निम्मे जगत नाहीत, म्हणून ते काम मी उन्हाळ्यात करत नाही. मृगाच्या दोन चांगल्या सरी पडून गेल्या की या, मुळांसकट फुटवा काढून देईन. मात्र त्याआधी घरी पन्हळीखाली पिंप लावून ठेवा.