तठेच ऱ्हाऊ दे

गणपती बसले की आमच्या गल्लीत आणखी एक पाहुणा यायचा, गोधडीत गुंडाळून. अमळनेरहून एसटीनं, मंडळाच्या पोरांच्या मांडीवर. १९८२ च्या एशियाडनं देशात रंगीत टीव्ही आणला. आमच्या गल्लीत रंग पोचायला आणखी पाच वर्षं गेली आणि तोही भाड्यानं, व्हीसीआरसोबत.

ओट्यावर शाळेचा टेबल, वर ताडपत्री, खाली बारदानं. एका रात्रीत तीन सिनेमे. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये एक हिंदी सिनेमा कसाबसा मावायचा, म्हणून शेवटची मारामारी कधीकधी अर्ध्यातच संपायची. तोवर निम्म्या वेळा 'लाईन गई रे भो!' झालेलं असायचंच. पडद्यावर मुंग्या आल्या की व्हिडिओवाला झाकण उघडून कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा. त्याच्या पिशवीत स्पिरिटची बाटली असायची, पण गल्लीचा विश्वास नोटेवर. मग ट्रॅकिंगचं बटण कोण फिरवणार यावर पोरांत भांडण.

सिनेमांची नावं आता आठवत नाहीत, खरं सांगतो. आठवते ती मंडळाची स्वतःची कॅसेट. एका वर्षी बोरी नदीवरच्या विसर्जनाचं शूटिंग केलं होतं. खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस पुढं आणि हॅलोजन धरलेला पोरगा मागं. पुढच्या वर्षापासून पहिल्या रात्री आधी ती कॅसेट लागायची, मग सिनेमा. सिनेमाला डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्या तेव्हा ताठ बसायच्या. लेझीम, गुलाल, मध्येच एक बैल, कुणाचं तरी नाचताना सुटलेलं धोतर. दरवर्षी त्याच धोतराला तेवढंच हसू.

लेझमीनंतर आप्पांची माय यायची. हातात आरतीचं ताट. कॅमेरा दिसताच तिनं पदर तोंडावर घेतला, मग पदराआडून पाहिलं आणि हसली. एवढंच. शूटिंगनंतरच्या पौषात ती गेली. पुढच्या गणपतीत आप्पा मागून म्हणाले, "तठेच ऱ्हाऊ दे." पोरानं पॉजचं बटण दाबलं. चित्र थरथरत उभं राहिलं. कुणी बोललं नाही. पाचेक मिनिटांनी यंत्र आपणच थांबलं.

मग दरवर्षी तेच. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं की पॉज केल्यावर टेप थांबते, पण हेड बसवलेला आतला ड्रम फिरतच असतो, सेकंदाला २५ फेरे, टेपच्या त्याच तुकड्यावर. यंत्र पाच मिनिटांत थांबायचं ते टेप घासू नये म्हणूनच. आम्ही लगेच परत चालू करायचो.

मागल्या वर्षी ती कॅसेट जळगावला नेली, फाईल करून घ्यायला. बुरशी थोडीच होती. बैल दिसला, धोतरही दिसलं. लेझमीनंतर मात्र नुसते पांढरे पट्टे, त्यात मध्येच ताटाची कड. दुकानातला पोरगा म्हणाला, "एवढा तुकडा खराब आहे काका, कापू का?"

नको म्हटलं. अख्खी फाईल मंडळाच्या ग्रुपवर टाकली. धोतरावर तासभर हसणं चाललं. मग पुण्याला असलेल्या कुणाच्या तरी मुलीनं विचारलं, त्या पट्ट्यांमध्ये कोण आहे?

आप्पा ग्रुपवर कधी काही टाकत नाहीत. रात्री त्यांचा चार सेकंदांचा आवाज आला, "मनी माय शे ती."