द्रुत शेवटपर्यंत स्वच्छ वाजली पाहिजे : आमची वाटचाल

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात वडिलांनी रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीचे दुकान सुरू केले, तेव्हा एचएमव्हीचे फिएस्टा प्लेयर मध्यमवर्गीय घरांत चांगलेच रुळले होते आणि दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा सुई बदलणे, मोटारीला तेल देणे आणि झिजलेले रबरी चाक बदलणे एवढेच असे. पुढे कॅसेट आली, मग सीडी आली, आणि त्या वर्षांत दुकान अँप्लिफायर व स्पीकरच्या कामावर तगले. गेल्या दशकभरात तबकड्यांची आवड पुन्हा वाढली. दुरुस्तीइतकाच वेळ तपासणीला देण्याची आमची आजची पद्धत याच काळात घडली.

तिची निकड प्रथम जाणवली ती अमेरिकेहून आलेल्या यंत्रांमुळे. तिकडे अनेक वर्षे राहून परतलेली मराठी कुटुंबे आपला जुना टर्नटेबल जपून बरोबर आणतात आणि इथल्या विजेसाठी ट्रान्सफॉर्मर लावतात. परंतु ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, वारंवारता बदलत नाही. सिंक्रोनस मोटार, म्हणजे विजेच्या वारंवारतेवरच जिचा वेग ठरतो अशी मोटार, 60 हर्ट्झसाठी बनवलेली असेल, तर आपल्या 50 हर्ट्झवर मिनिटाला 33⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम 28 फेऱ्या होतात, आणि काळी पाचमध्ये गाणारी गायिका पांढरी पाचच्याही किंचित खाली उतरते. मोटारीवर 50 हर्ट्झची पुली बसवली की हा दोष जातो. मग 180 रेघांची स्ट्रोबची (वेग तपासण्याची) चकती ठेवून विजेच्या दिव्याखाली पाहायचे. रेघा स्थिर दिसल्या, तर वेग बरोबर आहे.

मात्र स्ट्रोबवर समाधान मानणे आम्हाला कधीच पटले नाही. वेगातले बारीक हेलकावे डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतात, आणि त्यासाठी तंबोऱ्याइतकी कठोर कसोटी दुसरी नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालाच्या आरंभी, तबला सुरू होण्यापूर्वी, नुसता तंबोरा आणि एखादा लांबवलेला षड्ज असतो. यंत्रात काही उणे असेल तर तो षड्ज हलतो. एक गायनशिक्षिका आपला प्लेयर घेऊन आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “अहो, तंबोरा डुलतोय.” आम्ही घड्याळ लावून पाहिले, तर हेलकावा बरोबर 1.8 सेकंदांनी येत होता, म्हणजे तबकडीच्या प्रत्येक फेरीला एकदा. दुसरी तबकडी लावताच तो नाहीसा झाला, कारण त्यांच्या तबकडीचे भोकच मध्यापासून सरकलेले होते. भोक 1 मिलिमीटरने सरकले, तरी मधल्या खोबण्यांवर वेग सुमारे 1 टक्क्याने वर-खाली होतो. हेलकाव्याचा काळ याहून वेगळा असता, तर आम्ही पट्टा, पुली आणि मोटारीकडे वळलो असतो. दोष यंत्राचा की तबकडीचा, हे ग्राहकाला खात्रीने सांगता येणे ही मला आमच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

त्याहून अवघड परीक्षा बाजूच्या शेवटी असते. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खोबणी सरकते. लेबलाजवळ येईपर्यंत हेच अंतर 21 सेंटिमीटरवर येते. त्यामुळे 10 किलोहर्ट्झच्या सुराची एक लहर तिथे अवघ्या 21 मायक्रॉनमध्ये कोरलेली असते, आणि साध्या गोल टोकाच्या सुईला ती नीट चाचपता येत नाही. आपल्या ख्यालाच्या तबकड्यांची रचना अशी, की निवांत विलंबित बाहेरच्या प्रशस्त खोबण्यांत येतो आणि नंतरच्या द्रुत, म्हणजे जलद लयीच्या, बंदिशीतल्या वेगवान ताना, तबल्याच्या चाटेवरचे बोल, गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ हे सगळे या अडचणीच्या जागी गोळा होतात. “शेवटी आवाज फाटतो” ही आमच्याकडची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी सुईचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काट्रिजचा (सुई धरून तिच्या थरथरीचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाचा) कोन केंद्रापासून 66 आणि 121 मिलिमीटर या दोन जागी तपासला जातो. सुईचे तबकडीवरचे वजन आणि सुईला आत ओढणाऱ्या जोराला आवरणारे अँटिस्केटिंग त्यानंतर येते. द्रुत बंदिश शेवटच्या तिहाईपर्यंत स्वच्छ वाजल्याशिवाय यंत्र दुकानाबाहेर जात नाही.

जाणकार ग्राहक बरेचदा टेलार्क कंपनीच्या 1979 च्या प्रसिद्ध तबकडीचा आग्रह धरतात. सिनसिनाटी सिंफनी ऑर्केस्ट्राने एरिक कुन्झेल यांच्या दिग्दर्शनाखाली वाजवलेल्या त्चायकोव्स्कीच्या ‘1812’ या वाद्यवृंदाच्या रचनेतले तोफांचे आवाज तिच्यावर इतके जोरकस कोरले आहेत, की खोबणीची वळणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि टोनआर्मची (काट्रिज धरणाऱ्या दांडीची) जुळणी कमकुवत असेल तर सुई खोबणीतून सरळ उडते. ही तबकडी आम्ही वापरतो, पण विचारपूर्वक. काट्रिजच्या निर्मात्याने दिलेल्या कमाल मर्यादेपलीकडे वजन वाढवून तोफा पार करून दाखवणे मला मान्य नाही, आणि जुन्या, जड दाबाच्या सिरॅमिक काट्रिजखाली ती आम्ही कधीच लावत नाही. फक्त गाणे ऐकणाऱ्या घरातला प्लेयर तोफांवर अडखळला, तर त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. तो द्रुत बंदिशीवर चिरकला, तर मात्र काम अपुरे आहे.

तपासणीच्या तबकड्याही झिजतात, म्हणून प्रत्येकीच्या दोन प्रती ठेवल्या आहेत आणि सुई सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज कोणतीही तबकडी तिच्याखाली जात नाही. चांगल्या प्रतींचा शोध जुन्या बाजारात अखंड चालू असतो. सुट्या सुयांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. शुअर या अमेरिकन कंपनीने 2018 मध्ये काट्रिज बनवणे थांबवल्यापासून त्यांच्या जुन्या काट्रिजांसाठी जपानी बनावटीच्या सुया मागवाव्या लागतात, आणि त्या आल्यावर प्रत्येक सुई आम्ही याच क्रमाने तपासतो.

अलीकडे आजोबा-पणजोबांच्या लाखेच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांची खोबणी रुंद असते आणि तिला एलपीच्या सुईऐवजी सुमारे 75 मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या खोबणीच्या तळाशी घासत, खरखर करत राहते. त्यांच्यासाठी स्वतंत्र टोनआर्म आणि स्वतंत्र प्रीअँप्लिफायर (सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारा भाग) असलेले टेबल आम्ही उभारत आहोत, कारण 1950 च्या दशकात रूढ झालेली आरआयएए जुळणी (कोरताना बदललेले खर्ज आणि तार सुरांचे प्रमाण वाजवताना पूर्ववत करण्याचे ठरलेले माप) त्याआधीच्या तबकड्यांना लागू पडत नाही. कसोटीसाठी कोणती तबकडी ठेवावी, हे मात्र अजून ठरायचे आहे. सध्या नाट्यसंगीताच्या दोन तबकड्या आळीपाळीने लावून ऐकतो आहोत.